पैलवानाचे कान

माझ्या नवऱ्याचे कान माझ्यामुळं गेले. ऐकायचे नव्हेत, ऐकू त्यांना पहिल्यापासून हवं तेवढंच येतं. गेले ते पैलवानाचे कान. आणि कुणाच्या हातून, तर चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या, औषधाचं पत्रक तीन-तीनदा वाचणाऱ्या जयमाला सिस्टरच्या हातून! गावातल्या बायका अजून पाठीमागं हसतात. हसू देत. पण नक्की काय झालं ते धड कुणालाच माहीत नाही, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

पैलवानाचा कान तुम्ही जवळून पाहिलाय का? सुकलेल्या अंजिरासारखा असतो, जाड आणि गाठाळ. आपल्या बाहेरच्या कानात हाड नसतं, कूर्चा असते; दुमडली तरी परत सरळ होणारी. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या अंगाला एक पातळ पडदा चिकटलेला असतो, तोच तिला भरवतो. कुस्तीत डोक्याला डोकं घासून तो पडदा सुटतो, मधे रक्त साचतं, कूर्चा उपाशी मरते आणि त्या पोकळीत शरीर घाईघाईनं जे हाताशी असेल ते भरून टाकतं. तो झाला मोडलेला कान. आमच्याकडं कोल्हापूरच्या बाजूला असा कान म्हणजे पदवी. मुलगी बघायला आलेल्या पैलवानाचे कान सरळ निघाले, तर मुलीचा बाप चहा पाजून वाटेला लावायचा.

आमच्या ह्यांचे, म्हणजे सर्जेराव खोतांचे, दोन्ही कान मोडलेले. डाव्याला वरती एक खड्डा, उजव्याला खाली बोरासारखी गाठ. ही माहिती पुढं लागणार आहे, ध्यानात ठेवा.

हे नऊ वर्षांचे असताना वडील गेले. आईनं हाताला धरून भोगावतीकाठच्या तालमीत आणलं आणि केरबा वस्तादांच्या पुढ्यात उभं केलं. केरबा आबांना मूलबाळ नाही. तेव्हापासून ह्यांचं खाणंपिणं, शाळा, मार, सगळं आबांकडं. ती तालीम अजून आहे. मुलं आता सकाळी गुण मोजणाऱ्या गादीवर लढतात, घामसुद्धा यंत्र मोजतं, पण आत जुना हौदा आहे, कमरेइतका खोल, ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून मळलेल्या लाल मातीचा.

आबा आता नव्वदीचे. डोळे काचबिंदूनं गेले, पाठोपाठ ऐकणंही गेलं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चारातला एखादा शब्द पोचतो. पण दर शनिवारी जुने-नवे शिष्य तालमीत जमतात. आबा हौद्यातल्या दगडी पायरीवर बसतात, शिष्य मातीत गुडघे टेकून डोकं पुढं करतो, आबा त्याचे दोन्ही कान चाचपतात आणि नाव घेतात. "बंड्या! वजान वाढलंय तुझं." साठ-सत्तर माणसं, पण एकदाही चुकले नाहीत. आपण चेहरे ओळखतो, ते कान ओळखायचे.

ह्यांचा नंबर शेवटी असायचा, कारण नाव घेऊन झालं की आबांच्या खांद्याला माती लावायचा मान ह्यांचा. आबांचा डावा खांदा तरुणपणी एका कुस्तीत निखळला होता आणि समोरच्यानं तरी हात सोडला नव्हता. आबांची कुस्ती तिथं संपली. त्या खांद्यावर हौद्यातली माती चोळली की त्यांना आराम पडतो.

आमचं लग्न कसं जमलं तेही सांगायला हवं. दोन हजार चार साल. मी नवी नवी नर्स. जिल्ह्याच्या गदेची कुस्ती होती आणि संध्याकाळी एक धिप्पाड पैलवान भुवई फुटून दवाखान्यात आला. डॉक्टर एका अडलेल्या बाळंतपणात गुंतलेले, म्हणून टाके मी घातले. माझ्या आयुष्यातले पहिले. सात टाके, सातही वाकडे. गडी हूं की चूं करेना, पण डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"दुखतंय का हो?" मी विचारलं.

"न्हाई सिस्टर. वस्ताद बोलंना झाल्यात."

समोरच्याचा हात पाठीमागं पिरगाळून धरलेला, तो आता चीत होणार, आणि ह्यांनी ऐनवेळी पकड सोडली. समोरच्यानं उलटून ह्यांना खाली घेतलं. गदा गेली. का सोडली ते ह्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आबा पुढं महिनाभर ह्यांच्याशी बोलले नाहीत, आणि बोलायला लागल्यावरही त्या कुस्तीचा शब्द काढला नाही. हे पुन्हा गदेला उतरले नाहीत. सदतीस वर्षं ह्यांच्या मनात एकच बसलेलं, की आपण वस्तादांची मान खाली घातली. झोपेत कधीतरी "आबा, चुकलो" म्हणतात. मला बाई फार राग यायचा. एक कुस्ती ती काय, आणि तिच्यापायी माणसानं जन्मभर झुरावं!

टाके काढायला आले, मग उगाच दाखवायला आले, मग लग्नच झालं. मला लग्नानंतरही "सिस्टर" म्हणायचे. सासूबाईंनी दोनदा कान उपटले, पण मोडलेला कान उपटून काय हाती लागणार!

तर गुडघे. पन्नाशीनंतर ह्यांचे दोन्ही गुडघे गेले. भाकरी खायला मांडी घालता येईना, हौद्यात उतरताना दोघांनी धरायला लागायचं. यंदा उन्हाळ्यात एका शनिवारी हे आबांपुढं गुडघे टेकायला गेले आणि तिथंच आडवे झाले. उठता येईना. चौघांनी उचललं. आबांना दिसलं नाही, ऐकू आलं नाही, ते आपले हात पुढं करून "सर्ज्या, हायस न्हवं?" म्हणत राहिले. घरी आल्यावर हे भिंतीकडं तोंड करून बसले आणि लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना डॉक्टर तस्लीम मुजावरकडं नेलं. तस्लीम माझ्या हाताखाली शिकलेली, आता सांध्यांची मोठी डॉक्टर. ती म्हणाली, "मॅडम, निर्व्रण देऊया."

निर्व्रण म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या अंगाला आत-बाहेर पडदेच पडदे आहेत. वरची कातडी हा एक. तोंडापासून आतड्यापर्यंत, नाकापासून छातीपर्यंत, बाहेरच्या जगाला लागून असलेल्या वाटांना ओलसर पडदा असतो, तो दुसरा. हृदय, फुप्फुस, पोट ही बंद घरं; त्यांच्या भिंतींना आतून गुळगुळीत पडदा, म्हणजे एकावर एक घासू नयेत, तो तिसरा. आणि चौथा सांध्यांच्या आत. तो अंड्याच्या पांढऱ्यासारखं वंगण सोडतो, त्यावर गुडघा चालतो. ह्यांच्या गुडघ्यातला हा चौथा पडदा वर्षानुवर्षं सुजून, फाटून, भरून भरून जाड कातड्यासारखा झाला होता.

जखम भरायचे दोन मार्ग. फाटलं तिथं मूळच्याच पेशी पुन्हा वाढल्या तर काम चोख होतं, फाटलं होतं हेही कळत नाही. आईच्या पोटातलं मूल बराच काळ असंच भरून येतं, वण राहत नाही. पण बाहेर आल्यावर शरीराला घाई असते. जंतू आत शिरायच्या आधी भोक बुजवायचं असतं. म्हणून ते रफू करत बसत नाही, ठिगळ लावून मोकळं होतं. ते ठिगळ म्हणजे वण. आणि गंमत बघा, ठिगळ लावलं म्हणजे काम संपलं असं नाही. शरीर त्याचे धागे आयुष्यभर काढत आणि घालत असतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या वणाचीही रोज डागडुजी चालू असते.

निर्व्रणनं नेमकं तिथं बोट घातलं. शरीराला सांगितलं, आता धागे काढशील तेव्हा ठिगळाचे परत घालू नकोस, मूळचं कापड विण. पुण्याच्या पोरापोरींनी बारा वर्षं खपून काढलेलं औषध. त्यानं सिझेरियनचे वण गेले, भाजलेले चेहरे निवळले. शाळेच्या दाखल्यावरचा "अंगावरील ओळखीची खूण" हा रकानासुद्धा सरकारनं काढून टाकला.

"रक्तातून सगळीकडं जातं," तस्लीम म्हणाली. "जुने वण पुसट होतील. हृदयाचं चित्र काढून घेऊ. बाकी काळजी नाही."

मी पत्रक वाचलं. मनात एकेक वण मोजला. पोटावरचा अपेंडिक्सचा, हातावरचा विळ्याचा, भुवईचा. कान? कान माझ्या मोजणीत आलाच नाही. नवऱ्याचे कान मी कधी जखम म्हणून बघितलेच नव्हते. ते ह्यांचे कान होते, बस्स.

दोन महिन्यांत गुडघ्यात तीन इंजेक्शनं, आणि तोवर घराबाहेर पडायचं नाही अशी सक्त ताकीद. माझ्या पथ्यापाण्यावर हे सोळा किलोंनी उतरले. सातव्या आठवड्यात एका दुपारी मी भाकरी थापत होते, वळून बघते तर हे जमिनीवर मांडी घालून ताटाची वाट बघत बसलेले! सात वर्षांनी! माझी भाकरी तव्यावर करपली, मी तशीच उभी राहून रडले.

"सिस्टर, रडा नंतर. भूक लागलीय."

त्याच आठवड्यात भुवईवरचे माझे सात टाके गेले. बोट फिरवलं तर काही लागेना. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वाकडे असले तरी माझ्या हातचे होते. पण गुडघ्यांपुढं काय ते!

मग ह्यांचा चष्मा घसरायला लागला. जाड कानांवर बसावा म्हणून दुकानदारानं त्याच्या काड्या मुद्दाम फाकवून दिल्या होत्या. मी म्हटलं, काड्या सैल झाल्या असतील, आणि ठीक करायला हात घातला. कान हाताला मऊ लागला. उजव्याची गाठ नाही. डाव्याचा खड्डा नाही.

"अगं बाई!" मी खालीच बसले.

ह्यांना आधी मजाच वाटली. आरशासमोर उभे राहून कान दुमडून सोडायचे. आयुष्यात पहिल्यांदा कानात गाणं ऐकायची बोंडं बसली, तर दिवसभर ती घालून घरात फिरले. आम्हा दोघांच्याही ध्यानात यायला शनिवार उजाडावा लागला.

आठ शनिवार आबांनी वाट बघितली होती. आबांची पुतणी मालन त्यांचं सगळं करते, ती सांगायची, रोज विचारतात, सर्ज्या आला का. त्या दिवशी हे एकटे, कुणाचा हात न धरता हौद्यात उतरले. सगळी तालीम बघत होती. आबांपुढं गुडघे टेकले. डोकं पुढं केलं.

आबांचे हात कानांवर आले आणि थांबले. उजवा चाचपला, डावा चाचपला, परत उजवा.

"नवा दिसतोय," आबा म्हणाले. "कुणाचा रं तू?"

मालननं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "काका, सर्जेराव हाय! सर्जेराव!"

आबांनी परत चाचपलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या सर्ज्याचा कान मला ठावं न्हाई व्हय? आंधळ्याची चेष्टा करता?" हे पुढं सरकले तसा आबांनी हात झटकला. मी ओरडले, जुना शिष्य बंडा पाटील ओरडला. जितकं ओरडावं तितका त्यांचा संताप वाढला. धाप लागली. मी सगळ्यांना गप्प केलं आणि आबांची नाडी धरली.

धाप उतरल्यावर त्यांनी हवेत हात फिरवून ह्यांचं डोकं शोधलं. आवाज मऊ झाला होता.

"तुझा काय दोष न्हाई, पोरा. हाडानं थोराड दिसतोस. कान अजून कवळं हाईत. शिकायचं असंल तर येत जा. चाळीस दिवस माती वडायची, मग बघू."

घरी येईपर्यंत मीच बोलत होते, कारण अपराधी माणसाला गप्प बसवत नाही. शेवटी हे म्हणाले, "सिस्टर, तुम्ही गुडघं दिलंत. त्याबद्दल मी कवाच काय बोलणार न्हाई. पण कान परत पायजेत."

आणि मग एकोणसाठ वर्षांचा हा माणूस कान मोडून घ्यायला निघाला! रोज तालमीत जाऊन पोरांना म्हणायचे, डोकं घास. गादीवर कान रगडायचे. टम्म सुजून घरी यायचे, मी शिव्या घालत बर्फ लावायची. चार दिवसांत सूज उतरायची आणि कान पुन्हा तान्ह्या मुलासारखा. दोन आठवडे हा धिंगाणा चालला. शेवटी मी तस्लीमला फोन लावला.

"मॅडम, औषधाचा असर दीड वर्ष राहतो," ती म्हणाली. "तोवर काहीही केलं तरी वण धरणार नाही."

"आणि आबा?"

आबांना तीच तपासत होती. त्यांच्या फुप्फुसावरच्या पडद्यांमधे पाणी साचायला लागलं होतं, दोनदा काढून झालं होतं. ऐंशीच्या पुढं निर्व्रण देत नाहीत. "दीड वर्ष नाही, मॅडम," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत म्हणा."

मी ते ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. आबा सर्ज्याची वाट बघत जाणार, आणि सर्ज्या त्यांच्या समोर बसलेला असणार. ह्यांनी बराच वेळ कानाची पाळी चोळली. मग उठले आणि खुंटीवरचा लंगोट काढला.

"कुठं निघालात?"

"माती वडायला. आबांनी सांगितलंय न्हवं?"

"अहो, पण ते तुम्हाला दुसराच कुणीतरी समजतात. ही फसवणूक नाही का?"

"फसवणूक कशाची? गुडघं नवं, कान नवं. मी नवाच हाय की," म्हणाले. "मला त्यांच्याजवळ बसायला मिळतंय तेवढं बास."

त्या तालमीचा रिवाज आहे. नवा शिष्य चाळीस दिवस फक्त हौद्यातली माती उकरतो, खडे वेचतो, पाणी मारतो. वस्तादांच्या अंगाला हात लावायचा नाही, त्यांच्याशी आपण होऊन बोलायचं नाही. चाळिसाव्या दिवशी वस्तादांच्या खांद्याला माती लावायची, मग तो शिष्य. मंगळवारी सकाळी ह्यांनी कुदळ हातात घेतली. नातवंडांच्या वयाची पोरं तोंडात बोटं घालून बघत होती. बंडा पाटलानं सगळ्यांना दम भरला होता, कुणी हसलं तर बघा.

आबांना पायरीवर बसून कुदळीचे दणके पायांतून कळायचे. "अजून खोल," म्हणायचे. "पोरगं कष्टाळू हाय, मालन." ह्यांनी नऊ वर्षांचे असताना जे ऐकलं होतं, तेच सगळं परत. घरी येऊन मला सांगायचे, आणि डोळे चमकायचे. मी दर शनिवारी आबांचा रक्तदाब बघायला जायची, तेव्हा बघायची, आबांचा दम दर खेपेला थोडा कमी झालेला असायचा.

तेहेतिसावा दिवस शनिवार होता. माणसं कान दाखवून पांगली होती. हौद्यात हे कुदळ मारत होते, मी आबांच्या दंडाला पट्टा बांधत होते.

"सर्ज्या आजबी न्हाई आला," आबा म्हणाले. कुणाला म्हणून नव्हे. मग हौद्याकडं तोंड करून म्हणाले, "पोरा, थांब जरा. ऐक. माझ्या सर्ज्यासारखं व्हायचं बघ."

कुदळ थांबली.

"गदंची कुस्ती हरला माझा सर्ज्या. लोक म्हणत्यात हरला. हात सुटला न्हवता त्याच्याकडनं, त्यानं सोडला. समोरच्याचा खांदा निखळाय लागला, ते ह्याच्या हाताला कळलं. गदा म्होरं दिसत हुती, आन् ह्यानं हात सोडला." आबांनी आपला डावा खांदा धरला. "माझा कुणी सोडला न्हवता."

माझा हात पट्ट्यावर तसाच राहिला.

"म्हैनाभर मी त्याच्यासंगं बोललो न्हाई. काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर समद्या तालमीम्होरं रडलो असतो. वस्तादानं रडायचं नसतंय असं वाटायचं तवा. मग ऱ्हाऊन गेलं ते ऱ्हाऊनच गेलं. गाव म्हणतंय केरबाला प्वार न्हाई. हाय की मला. पर रागावलंय जणू माझ्यावर. येतच न्हाई."

हे मातीत उभे होते. चेहरा असा झालेला, की मला बघवेना. एक पाऊल पुढं आले, हात उचलला आणि थांबले. पुन्हा संताप, पुन्हा धाप. पाणी साचलेल्या छातीला ते सोसलं नसतं. मीच मानेनं नको म्हटलं. ह्यांनी कुदळ उचलली आणि मारायला लागले. पुढचा तासभर नुसते दणके. वाटेत घरी येताना मला म्हणाले, "सिस्टर, तुम्हीबी ऐकलंत न्हवं? मला भास न्हवता न्हवं?"

"ऐकलं हो. शब्दन् शब्द ऐकला."

चाळिसावा दिवस पुढच्या शनिवारी आला. आदल्या आठवड्यात आबांचं पाणी तिसऱ्यांदा काढलं होतं. मालन म्हणाली, आज नको. आबा ऐकेनात. "पोराचा चाळिसावा हाय. त्यानं काय म्हणावं?" दोघांनी धरून त्यांना पायरीवर बसवलं. अंगातला सदरा काढला. खांद्याची हाडं वर आली होती.

हे समोर बसले. दोन्ही मुठी भरून माती घेतली. दुसरं कुणी असतं तर तशीच लावली असती. ह्यांनी आधी बोटांनी चाचपून खडे काढले. मग दोन्ही तळव्यांत माती चोळत राहिले, पिठासारखी होईपर्यंत. मग तोंडाजवळ नेऊन तिच्यावर दोन-तीनदा हा करून वाफ सोडली, गार लागू नये म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या पोरानं, माती गार लागून वस्ताद कळवळले तर काय या भीतीनं, आपल्या डोक्यानं काढलेली ही रीत. कुणी शिकवली नव्हती. आणि त्यांना स्वतःलाही, आपण असं करतो हे ठाऊक नव्हतं. मी एवढी दर शनिवारी जाणारी, पण माझंही लक्ष कधी गेलं नव्हतं.

ती ऊन माती आबांच्या डाव्या खांद्यावर गेली. जिथं हाड निखळलं होतं त्या खळगीत अंगठा तीनदा दाबला, हलकेच.

आबा हलले नाहीत. श्वास थांबला असं वाटून मी पुढं झाले. तेवढ्यात त्यांचा उजवा हात वर आला, ह्यांच्या खांद्यावरून, मानेवरून गेला आणि कानाशी आला. सरळ, मऊ कान. आबांनी तो दोन बोटांत धरला आणि चांगला पिरगाळला.

"सर्ज्या," आबा म्हणाले, "कान कुठं ठिवून आलास रं?"

आबांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून ह्यांचे नुसते हुंदके. मालन तोंडात पदर कोंबून रडत होती. बंडा पाटील उगाच छताकडं बघत होता. मी आबांच्या कानाशी गेले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "आबा, मी घालवले! गुडघ्याच्या औषधानं गेले!"

चारातला एक शब्द पोचला असावा. "सिस्टरनं व्हय?" आबा हसले. हसताना खोकला आला, मी पाठ चोळली. पण हात त्यांनी ह्यांच्या डोक्यावरून काढला नाही. केसांतून बोटं फिरवत राहिले. जरा वेळानं त्यांना काहीतरी आठवलं, हात थांबला.

"म्हंजे चाळीस दिस तूच हुतास?"

ह्यांनी डोकं हलवलं, ते आबांना तळव्याखाली कळलं.

"गेल्या शनवारी मी जे बोललो..."

परत डोकं हललं.

नव्वद वर्षांचा तो म्हातारा, सांगते तुम्हाला, लाजला. खरंच लाजला. तोंड फिरवून मालनला म्हणाला, "थंडाई आण गं. आज आपल्यात नवा शिष्य आलाय." आणि मग रडला. सगळ्या तालमीसमोर, मोठ्यानं.

आता आश्विन अर्धा सरलाय. तस्लीमनं दिवाळी म्हटलं होतं, ती पंधरा दिवसांवर आहे. तिच्या तोंडात माती पडो. ह्यांचे कान अजून सरळच आहेत आणि चष्म्याच्या काड्या मी परत वळवून आणल्या. शनिवारी आबा बाकी सगळ्यांचे कान चाचपतात, नावं घेतात. ह्यांची पाळी आली की कानाला हात लावत नाहीत. सदरा उतरवतात आणि डावा खांदा पुढं करतात.